आर्थिंगला पाणी

तेलगावात कुणी नवं घर बांधलं की पाहुणे आधी देवघर बघतात, मग स्वयंपाकघर, आणि शेवटी गच्चीवर जाऊन कमरेवर हात ठेवून 'हवा मस्त हाय' म्हणतात. भागवत वायरमन मात्र थेट घराच्या मागं जायचा. जमिनीतून वर आलेला आर्थिंगचा पाइप शोधायचा, भोवतालची माती चपलेच्या टोकानं उकरायचा, आणि ती कोरडी निघाली की पंगतीतल्या यजमानाची तिथल्या तिथं हजेरी घ्यायचा.

"एवढं घर बांधलं बे, आन् ह्याला तांब्याभर पानी घालवंना व्हय तुला?"

लोक हसायचे. जिलबी खाता खाता कुणाला आर्थिंग सुचतं? पण भागवतची ती पोथीच होती. आणि पोथी सांगणाऱ्यानं समोरचा ऐकतोय की झोपलाय हे बघायचं नसतं. तो सांगायचा, वीज बिघडून फ्रिजच्या पत्र्यात नाहीतर कूलरच्या टाकीत उतरली, तर तिला जमिनीत जायला वाट पाहिजे. ती वाट म्हणजे हा पाइप. खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालून पुरलेला. माती ओली असली तर वाट मोकळी. उन्हाळ्यात आपली जमीन भेगाळते, माती सुकते, वाट बंद होते. मग वीज माणसातून वाट काढते.

पुरुष विसरतात हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तो बायांना सांगायचा. "तुळशीला घालता न्हवं? मंग एक तांब्या ह्यालाबी घालत जा." वायरमननं नवा देव बसवला, अशी गावभर चेष्टा झाली. बऱ्याच जणींनी चार दिवस पाणी घातलं आणि सोडून दिलं. मनावर घेतलं ते एकट्या कौशल्याबाईंनी.

कौशल्याबाई म्हणजे हनुमानची आई. धारूरच्या रस्त्याला, गाव मागं पडल्यावर हनुमानचं शेतातलं घर आहे. आजूबाजूला ऊस आणि कपाशीचं रान, शेजार असा नाहीच. दिवेलागणीला कौशल्याबाई अनवाणी अंगणात यायच्या, तुळशीपुढं दिवा लावायच्या, एक तांब्या तिला घालायच्या, मग आत जाऊन दुसरा तांब्या भरून घराला वळसा घालत मागं जायच्या आणि पाइपाच्या बुडाशी ओतायच्या. बोअर आटला त्या वर्षी त्यांनी डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी साठवून घातलं, पण खाडा केला नाही. एकदा तर पाइपाला हळदीकुंकू लावलेलं भागवतनं पाहिलं. तो हसला, आणि मग वाकून त्यानंही पाइपाला हात जोडले.

त्याला कारण होतं. भागवतचे आई-बाप ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की कोयते, भांडी आणि लेकरं गाडीत टाकून कारखान्याचा रस्ता धरायचा, ही त्यांची तऱ्हा. लेकरू सोबत गेलं की शाळा गेली. कौशल्याबाईंनी ह्या पोराला ठेवून घेतलं. "दोन भाकरी जास्ती लागतील, त्यात काय," एवढंच त्या म्हणाल्या, आणि हनुमानच्या बरोबरीनं त्याला ताटावर बसवलं. पुढं तो वायरमन झाला, लग्न झालं, केस पांढरे झाले, तरी कौशल्याबाईंना तो 'माय' म्हणतो ते उगाच नाही. आता त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून तो मोठ्यानं म्हणतो, एवढाच फरक.

ह्या वैशाखात हनुमानची लेक आरोही पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. पोरगा झाला, पेढे वाटले, आणि मग ऊन असं काही पेटलं की बाळाच्या अंगभर लालभडक घामोळं उठलं. कूलर गरम वाफ फेकायला लागला. शेवटी हनुमाननं माजलगावहून दीड टनाचा एसी आणला, भिंतीवर बसवून घेतला, आणि त्याची पिन टीव्हीच्या बोर्डात घालायच्या बेतात असतानाच भागवत दारात उभा.

"हात लावू नगस!"

"कावून? पिन बसती की."

"पिन बसती, पन वायर बसंल का? ही पंख्याची वायर हाय, दादा. एसी सात-आठ अँपिअर सहज वढतो, घंटोन् घंटे. वायर भितीच्या आत तापत ऱ्हाती, वास आला तवा कळतं. आन् खोलीत लेकरू हाय."

हनुमाननं कुरकुर केली, पण लेकराचं नाव निघाल्यावर त्यानं पिन खाली ठेवली. भागवतनं मीटरपासून त्या खोलीपर्यंत एसीची वेगळी लाइन ओढली. तांब्याची जाड, चार एमएमची वायर, भार वाढला की पडणारा वीस अँपिअरचा एमसीबी खटका, मोठ्या पिनचं सॉकेट, वर स्टॅबिलायझर. शिवाय मीटरजवळ आणखी एक खटका बसवला. कुठंही वीज जमिनीत गळायला लागली की हा खटका डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं बंद करतो. कौशल्याबाई खुर्ची टाकून काम बघत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ह्यो बरा हाय. राखनदार हाय."

एसी सुरू झाला, बाळ झोपलं, घर निवांत झालं. आणि मग एका दुपारी, ऊन माथ्यावर असताना, घरातली वीज गेली.

भागवत आला तेव्हा बाळाच्या रडण्यानं घर डोक्यावर घेतलं होतं. त्यानं सॉकेटच्या एका भोकात टेस्टर घातला, पेटला. दुसऱ्यात घातला, तिथंही पेटला. म्हणजे वीज येत होती, पण परत जायची वायर, न्यूट्रल, तुटली होती. बाहेर येऊन त्यानं खांबाकडं पाहिलं. वरचा जोड जळून काळा पडला होता. खांबावर चढायचं तर लाइन बंद पाहिजे, आणि ती लाइनमनच्या हातात. लाइनमनला फोन केला, तर तो दुसऱ्या गावात जळालेल्या ट्रान्सफॉर्मरपाशी अडकलेला. "संध्याकाळी येतो," म्हणाला.

"लेकराला गावात न्या," भागवत म्हणाला. "कुनाच्याबी घरी न्या, वीज हाय तिथं."

पण बाळाला सव्वा महिना झाला नव्हता. सव्वा महिन्याच्या आत बाळ-बाळंतीण उंबरा ओलांडत नाहीत, हे कौशल्याबाईंनी सकाळीच बजावलेलं. आणि बाहेर असं ऊन की मोठ्या माणसानं डोकं न झाकता जाऊ नये. आरोही ओल्या फडक्यानं बाळाचं अंग पुसत होती आणि स्वतःच रडत होती. जरा वेळानं बाळ रडायचं थांबलं. ते जास्त वाईट होतं. तोंड उघडं टाकून ते नुसतं धापा टाकायला लागलं.

हनुमाननं भागवतचं मनगट धरलं. "कर बे कायतरी. शेतात आपन काय करतो? न्यूट्रल नसला की सळई ठोकतो, पानी वततो, बल्ब लागतोच ना?"

"बल्ब आन् एसी सारखा हाय व्हय?"

"लाइनमन येईस्तवर. घंटाभर. माझ्या नातवाकडं बग."

भागवतनं बघितलं, आणि तिथंच त्याचं चुकलं. जन्मभर दुसऱ्यांना ज्याच्यावरून शिव्या घातल्या, तेच त्यानं स्वतःच्या हातानं केलं. घरातल्या बाकी सगळ्या वस्तूंच्या आर्थिंगच्या वायरी सोडवून बाजूला केल्या, आणि एसीची परतीची वायर त्या मागच्या पाइपाला जोडली. म्हणजे एसीतून गेलेली सगळी वीज आता त्या खड्ड्यातून जमिनीत जाणार होती. राखणदार खटक्याला हे चालणारच नव्हतं, म्हणून त्याला वगळलं. मनात तो म्हणत होता, चालणार नाही, खड्डा एवढा भार घेणार नाही. पण एसी घुरघुरला आणि चालू झाला. कारण माती ओली होती. वर्षानुवर्षं कौशल्याबाईंनी पाणी घातलेली माती.

बाळाची धाप बसली. आरोहीनं हात जोडले. भागवतला मात्र त्या गारव्यात घाम फुटला होता. तो हनुमानला मागं घेऊन गेला.

"ह्या पाइपाजवळ कुनी फिरकायचं न्हाई. आता ही उघडी तार हाय समज." त्यानं बांधावरच्या बाभळीच्या चार ओल्या फांद्या तोडल्या आणि पाइपाभोवती काटेरी कुंपण केलं. "मायला सांग."

"सांगतो की."

कौशल्याबाई माजघरात कलंडल्या होत्या. रात्रभर बाळ त्यांच्याच मांडीवर होतं, आता कुठं डोळा लागला होता. भागवत दारापर्यंत गेला. त्यांना सांगायचं म्हणजे ओरडावं लागणार, ओरडलं की बाळ उठणार. हनुमान सांगणारच आहे, असं म्हणून तो माघारी फिरला.

उन्हं कलेपर्यंत तो फोनकडं बघत बसला. लाइनमनचा पत्ता नव्हता. गावात मंगल पिठाच्या गिरणीवाली पंखा बंद पडल्याचं दोन दिवस ओरडत होती, म्हणून तो तिच्याकडं गेला. स्टुलावर चढला, पंख्याची वाटी सोडवली. स्टुलावर असतानाच हनुमानचा फोन आला: लाइनमन फाट्यावर आलाय, गाडी बंद पडलीय, त्याला आणायला निघालोय. भागवतला हायसं वाटलं. तो काम उरकायला लागला.

तेवढ्यात मंगल दिवा घेऊन अंगणात गेली. परत आली ती पदराला हात पुसत. चेष्टेनं म्हणाली, "आज तुमच्या देवालाबी घातलं बरं का पानी. म्हनलं वायरमन घरात हाय, उगं बोलनी नगत."

भागवतच्या हातातला पेचकस खाली पडला.

हनुमान घरी नाही. तो फाट्यावर. त्यानं आईला सांगितलं का? दुपारी ती झोपलेली. नंतर हा लाइनमनच्या मागं. आणि दिवेलागण झाली होती.

त्यानं हनुमानला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला, गाडीवर असेल. आरोहीला लावला. तिनं बाळासाठी आवाज बंद ठेवलेला, तोही वाजून थांबला. मंगल विचारत राहिली, काय झालं, काय झालं, आणि हा गाडीला किक मारत होता.

तेलगावच्या चौकात एक ट्रॅक्टर आडवा लावून दोघं जण निवांत बोलत उभे होते. भागवतनं त्यांना जी शिवी दिली ती इथं लिहिण्यासारखी नाही. धारूरच्या रस्त्याला लागल्यावर त्यानं गाडीचा कान पिळला तो सोडलाच नाही. डोळ्यांपुढं रस्ता नव्हताच, कौशल्याबाई होत्या. आता त्यांनी वात तेलात बुडवली असेल. आता दिवा ठेवला. आता तुळशीला पाणी. आता आत गेल्या, दुसरा तांब्या भरला. काट्याची फांदी दिसली तर? त्यांना वाटेल वाऱ्यानं पडली, नाहीतर शेळीसाठी कुणी टाकली. त्या हातानं बाजूला करतील. पायात चप्पल नाही. दिवा लावताना त्या कधी घालत नाहीत. आणि पाणी ओतताना एक हात टेकायला पाइपावर ठेवायची त्यांना सवय. ती सवय त्यानं कितीदा बघितलेली.

ही सवय कुणी लावली? मीच लावली, भागवत म्हणाला. गाडीवर एकटाच, मोठ्यानं म्हणाला.

अंगणात गाडी शिरली. तुळशीपुढं दिवा जळत होता. वृंदावनाची माती ओली होती. अंगणात कुणी नव्हतं.

मागं पळावं, की मीटरकडं? हाक मारून उपयोग नव्हता, त्यांना ऐकू जाणार नव्हतं. मागं पोचेपर्यंत तर उशीर व्हायचा. मीटर समोर ओसरीवर होतं. त्यानं गाडी तशीच सोडून दिली, ती आडवी पडली, आणि ओसरीवर झेप घेऊन त्यानं मीटरखालचा फ्यूज ओढून काढला. एसीची घरघर थांबली. आत बाळानं टाहो फोडला. "कोन हाय? कावून बंद केलं?" आरोही ओरडली. भागवत तोवर घराला वळसा घालत होता.

बाभळीच्या फांद्या विस्कटलेल्या होत्या. एका फांदीचा पाला पार कुरतडलेला होता. कौशल्याबाईंची तांबूस शेळी पाइपापाशी आडवी पडली होती, पाय ताठ, जीभ बाहेर. ओल्या पाल्याच्या वासानं ती आली असणार, आणि पाला खाऊन झाल्यावर खड्ड्यातल्या मिठाची चव लागली म्हणून पाइप चाटायला गेली असणार. तिच्या शेजारी कौशल्याबाई उकिडव्या बसल्या होत्या. भरलेला तांब्या जरा लांब, जमिनीवर ठेवलेला. एक हात शेळीच्या मानेवर.

कौशल्याबाईंनी मान वळवून त्याच्याकडं बघितलं.

"भागवत, बग रं, ही उठंना. उनानं गेली वाटतं." मग आपला हात डोळ्यांजवळ नेऊन म्हणाल्या, "हात लावला तर खांद्यापस्तोर जोराच्या मुंग्या आल्या बग. हात सुटंनाच. आन् मंग एकदम थांबलं."

भागवत तिथंच मातीत बसला. फ्यूज अजून त्याच्या मुठीत होता.

हनुमान लाइनमनला घेऊन पोचला, मागं धावत आला, आणि काय झालं हे एका नजरेत त्याच्या ध्यानात आलं. तो आईला सांगायचं विसरला होता. त्यानं भागवतच्या खांद्यावर हात दाबला. "उनानंच गेली, माय," तो मोठ्यानं म्हणाला. मग हळूच भागवतला, "सोड बे. तिला काय कळतंय. उगं घाबरंल."

भागवतनं त्याचा हात झटकला. सोपं होतं गप्प बसणं. शेळी उन्हात मरते, सगळ्यांच्या मरतात. पण ज्या बाईनं दोन भाकरी जास्तीच्या थापून त्याला माणसात आणलं, तिच्याशी खोटं बोलायला त्याची जीभ वळेना.

"उनानं न्हाई, माय. करंटनं गेली. म्या दुपारी एसीची वीज ह्या खड्ड्यात सोडली व्हती. तुला सांगितलं न्हाई."

त्यांना पहिल्यांदा ऐकू आलं नाही. त्याला ते सगळं पुन्हा, ओरडून सांगावं लागलं. लाइनमन खाली मान घालून उभा होता.

कौशल्याबाईंनी शेळीकडं बघितलं. मग तांब्याकडं.

"मंग म्या हे पानी घातलं आस्तं तर?"

त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, भरलेला तांब्या उचलला आणि तसाच घेऊन घरात गेल्या.

लाइनमननं खांबावरचा जोड केला, वीज आली, भागवतनं सगळ्या वायरी होत्या तशा जोडल्या आणि राखणदार खटका पुन्हा बसवला. एसी चालला, बाळ झोपलं. त्या दिवशी मात्र कौशल्याबाईंनी त्याला 'जेवून जा' म्हटलं नाही. एवढ्या वर्षांत असं पहिल्यांदा झालं. ते त्याला शेळीपेक्षा जास्त लागलं.

पुढं तो अधूनमधून काही ना काही निमित्तानं तिकडं जायचा आणि घराच्या मागं एक चक्कर टाकायचा. माती वाळत चालली होती. हळदीकुंकू पुसट झालं होतं. तुळस हिरवीगार होती. पाणी घाल म्हणायची त्याची छाती होत नव्हती. गावात तर त्यानं ती पोथी सांगणंच बंद केलं. लोकांना वाटलं, वायरमन थकला.

आणि एका संध्याकाळी त्याचा फोन वाजला. कौशल्याबाईंना फोन लावता येत नाही. आरोहीनं लावून दिला होता. पलीकडून मोठ्या आवाजात प्रश्न आला.

"भागवत, आज घालू का पानी?"

तो म्हणाला, "थांब." त्यानं हनुमानला वेगळा फोन करून विचारलं, आज लाइनला कुणी हात लावला का, खटका वर आहे का, एसीला काही केलंय का. मग परत फोन लावून ओरडून सांगितलं, "घाल, माय. चप्पल घालून जा. पाइपाला हात लावू नगस."

तेव्हापासून रोज दिवेलागणीला तो फोन येतो. आरोही सासरी गेली, आता हनुमान लावून देतो. भागवत खांबाशी असो, कुणाच्या लग्नात असो, हातातलं काम ठेवून तो आधी चौकशी करतो आणि मग उत्तर देतो. लोक थट्टा करतात, वायरमनला म्हातारीनं कामाला लावलं. हा रोजचा फोन म्हणजे विश्वास आहे की शिक्षा, हे त्याला अजून उमगलेलं नाही.

परवा तो कामासाठी शिरूर कासारच्या बाजूला गेला होता. तिथं फोनला रेंज नव्हती. परत येताना बीड जवळ आल्यावर फोन एकामागून एक वाजायला लागला. अंधार कधीच पडला होता. त्यानं रस्त्याच्या कडेला गाडी लावली आणि घाईनं हनुमानला फोन केला.

"कुठं हाईस बे?" हनुमान वैतागून म्हणाला. "म्या सगळं बघितलं, खटका बघितला, हजारदा सांगितलं घाल म्हनून. ऐकंना. कवाची तांब्या घेऊन मागं उभी हाय."

"तिला दे."

फोन कौशल्याबाईंच्या कानाला लागला. त्या रागावलेल्या नव्हत्या. उभं राहून राहून आवाज जरा थकला होता, एवढंच.

"तू म्हनल्याबिगर कशी घालू रं?"